इटालियन आडनावाचे मूळ शोधताना: आधी गाव, मग अर्थ

विदर्भातील अनेक घरांची मुले शिक्षणासाठी आणि नोकरीसाठी युरोपात गेली आहेत. त्यांच्यापैकी काहींनी तिकडेच संसार थाटल्यामुळे नागपूरच्या एखाद्या घराच्या वंशावळीत आता इटालियन आडनावही येऊन बसते. व्याही मिलानचे असोत की सिसिलीचे, 'मूळ गाव कोणते, घराणे कोणते' हे विचारल्याखेरीज आपल्याकडची वडीलधारी मंडळी राहत नाहीत. या प्रश्नाचे उत्तर ऐकीव गोष्टींवर न सोडता कागदोपत्री कसे शोधावे, आणि त्यातील बरेचसे काम नागपुरात घरी बसून कसे करता येते, हे पुढे सांगितले आहे.

बहुतेक जण हा शोध चुकीच्या टोकाकडून सुरू करतात. आडनावाचा अर्थ शोधायचा आणि अर्थ मिळाला की इतिहास मिळाला असे समजायचे, अशी ती पद्धत. फेर्रारी म्हणजे लोहार हे कळायला एक मिनिट पुरते. पण कोणता लोहार, कुठला, कोणत्या शतकातला, यांपैकी काहीही त्यातून कळत नाही. देशमुख हे वतन काय होते हे ठाऊक असले म्हणून काटोल तालुक्यातील एखाद्या देशमुख घराण्याची हकीकत समजत नाही, आणि इटलीतही स्थिती याहून निराळी नाही. म्हणून येथे क्रम उलटा ठेवला आहे: आधी आडनावाचे नेमके लेखन, मग गाव, मग त्या गावावर त्या काळी कोणाची सत्ता होती ती गोष्ट, मग नोंदवह्या, आणि अर्थ सर्वांत शेवटी.

ज्यांनी जात पडताळणीसाठी कोतवाल बुकाची नक्कल काढली आहे, पणजोबांच्या नावाची नोंद सापडावी म्हणून तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात हेलपाटे घातले आहेत, त्यांना या कामाचे निम्मे शिक्षण आधीच मिळालेले आहे. एका पिढीची नोंद हाती आल्याशिवाय तिच्या मागच्या पिढीकडे जायचे नाही, हा नियम तिथे जसा आहे तसाच इथेही आहे.

नेमके लेखन

इटालियन आडनाव कानांनी ऐकून देवनागरीत लिहिले आणि पुन्हा रोमन लिपीत नेले, तर ते बहुधा बिघडते. इटालियनमध्ये सी या अक्षरापुढे ई किंवा आय आला की उच्चार 'च' होतो, आणि त्यांच्यामध्ये एच आला की 'क' होतो. म्हणून आपण ज्याला 'बियांची' म्हणतो ते खरे तर 'बियांकी' असते आणि 'मार्चेत्ती' वाटणारे आडनाव 'मार्केत्ती' असते. जी आणि एन जोडून आले की 'न्य' ऐकू येतो, त्यामुळे 'मान्यानी' ऐकून लिहिणाऱ्याला त्यात जी आहे याची कल्पनाही येत नाही. जोडाक्षरांचा हिशेब तर फार काटेकोर आहे. रोस्सी आणि रोसी ही दोन स्वतंत्र आडनावे आहेत आणि एक एस गाळला की आपण दुसऱ्याच घराण्याच्या मागे लागतो. म्हणून कुटुंबातील कोणाच्या तरी अधिकृत दाखल्यावरून अक्षर न् अक्षर उतरवून घ्यावे. लग्नपत्रिकेवरचे लेखन पुरावा म्हणून धरू नये.

दि, दे, देल्ला, लो, ला असे उपसर्ग असलेली आडनावे जुन्या वह्यांत कधी जोडून, कधी तोडून लिहिलेली असतात. दे लूका आणि देलूका ही एकाच माणसाची दोन लेखने असू शकतात. सूची पाहताना दोन्ही जागा पाहाव्यात. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच्या काही वह्यांची सूची तर आडनावाऐवजी व्यक्तीच्या पहिल्या नावावरून लावलेली असते, त्यामुळे आडनावाखाली काही सापडले नाही म्हणजे नोंदच नाही, असा निष्कर्ष घाईने काढू नये.

परदेशी गेलेल्या इटालियनांच्या नावांचे काय होते, याचे उदाहरण मराठ्यांच्या इतिहासातच आहे. शिंद्यांच्या फौजेत चाकरीला आलेले फिलोस घराणे मूळ नेपल्सचे. त्यातील एका सेनानीचे नाव फ्रेंच वळणाचे, झां बाप्तिस्त. पुढे ग्वाल्हेरचा १८७४ सालचा जयविलास राजवाडा ज्यांनी बांधला त्या सर मायकेल फिलोस यांचे नाव इंग्रजी वळणाचे. घराणे तेच, पण नावे ज्याच्या चाकरीत किंवा सहवासात राहिले त्याच्या भाषेप्रमाणे बदलत गेली. व्यक्तीच्या नावावरून घराण्याचे मूळ ठरवणे किती धोक्याचे आहे, हे यावरून लक्षात यावे.

अमेरिकेला गेलेल्या कुटुंबांत हमखास ऐकू येणारी एक कथा अशी की, न्यूयॉर्कच्या एलिस बेटावरील कारकुनाने आमचे आडनाव बदलून टाकले. हे बेट १८९२ पासून स्थलांतरितांच्या तपासणीसाठी वापरात आले. परंतु तेथील अधिकारी नावे नव्याने लिहीत नसत, जहाज सुटतानाच तयार झालेल्या प्रवाशांच्या यादीशी ते माणसे ताडून पाहत. आडनावे बदलली ती पुढे, शाळेत, कारखान्यात आणि स्वतःच्या सोयीने. या कथेवर विश्वास ठेवून मूळ लेखन 'हरवले' असे समजण्याचे कारण नाही. ते जहाजाच्या यादीत आणि गावच्या वहीत बहुतेक वेळा शाबूत असते.

गाव कोणते

इटलीतील सगळ्या नोंदी 'कोमुने' या स्थानिक घटकानुसार लागतात. आपल्याकडची ग्रामपंचायत आणि नगरपालिका दोन्ही त्या एकाच शब्दात येतात. देशात सुमारे ७,९०० कोमुने आहेत, आणि कोमुने माहीत नसेल तर पुढचे सगळे काम अंदाजपंचे होते. कुही-उमरेडकडचा माणूस मुंबईला गेल्यावर जसा 'मी नागपूरचा' म्हणतो, तसाच कलाब्रियातील खेड्याचा माणूस परदेशात 'मी रेज्जोचा' म्हणतो. त्यातही रेज्जो नावाची दोन मोठी शहरे आहेत, एक कलाब्रियात अगदी दक्षिणेला आणि दुसरे एमिलियात उत्तरेला. म्हणून कुटुंबाने सांगितलेले शहराचे नाव प्रथम केवळ दिशादर्शक मानावे आणि आजोबांचा जन्मदाखला, लग्नाचा दाखला किंवा लष्करी भरतीची नोंद मागवून त्यावरचे कोमुनेचे नाव पाहावे. लष्करी भरतीच्या याद्या विशेष उपयोगी आहेत, कारण त्या जन्मवर्षानुसार लावलेल्या असून त्यांत आई-वडिलांची नावे, जन्मगाव, व्यवसाय आणि बहुधा उंची व केसांचा रंगही लिहिलेला असतो. त्या प्रांताच्या राज्य अभिलेखागारात असतात.

प्रांतांच्या सीमाही स्थिर नाहीत. कासेर्ता हा प्रांत १९२७ साली मोडला गेला आणि १९४५ साली पुन्हा स्थापन झाला; फ्रोसिनोने हा प्रांत १९२७ सालीच नव्याने निर्माण झाला. त्यामुळे आज एका प्रांतात असलेल्या गावाच्या जुन्या वह्या दुसऱ्याच शहरातील अभिलेखागारात निघू शकतात. वर्धा, भंडारा, गोंदिया यांच्या जिल्हाबदलांमुळे जुने सातबारे कुठे शोधावेत या प्रश्नाने जे त्रासले आहेत त्यांना याचे नवल वाटणार नाही.

कागद अजिबात हाती नसेल तर आडनावाचा भौगोलिक पसारा पाहावा. कोणते आडनाव आज कोणत्या कोमुनेत किती घरांत आहे, याचे नकाशे दाखवणारी संकेतस्थळे आहेत. रोस्सी किंवा रुस्सो यांच्यासारख्या देशभर पसरलेल्या आडनावांना त्यांचा काही उपयोग नाही. परंतु दुर्मीळ आडनाव असेल तर नकाशावर दोन-चार शेजारशेजारची गावेच ठळक दिसतात आणि शोधाला दिशा मिळते. आडनावाचा शेवटही बोलका असतो. शेवटी 'वार' ऐकले की नागपूरकराचे लक्ष जसे चंद्रपूर-यवतमाळ-गडचिरोलीकडे जाते, तसे शेवटी 'आन' किंवा 'इन' असलेले त्रेविझान, विझेंतिन ऐकले की इटालियन माणूस व्हेनिसभोवतीच्या व्हेनेतो प्रदेशाकडे पाहतो; पुद्दु, पिरास ही आडनावे ऐकताच त्याला सार्डिनिया बेट आठवते. 'ऊच्ची'ने संपणारी आडनावे तोस्कानात अधिक, 'इएल्लो'ने संपणारी नेपल्सच्या आसपास अधिक. पण हा केवळ अंदाज होय. माणसे स्थलांतर करतात आणि आडनाव सोबत घेऊन जातात.

उलट अडचणही येते. व्हेनिसजवळच्या किओज्जा या मासेमारीच्या गावात बोस्कोलो आणि तिओत्सो या दोन आडनावांची इतकी घरे आहेत की नुसत्या आडनावावरून माणूस ओळखणेच अशक्य झाले. त्यामुळे तिथे प्रत्येक शाखेला एक टोपणनाव चिकटले, त्याला 'देत्तो' म्हणतात, आणि आज ते टोपणनाव सरकारी कागदांवरही आडनावाला जोडून लिहिले जाते. अशा गावात शोध घेताना आडनावापेक्षा टोपणनावच घराण्याची खरी खूण ठरते. जुन्या नोंदींत नावापुढे 'देत्तो' हा शब्द दिसला तर तो मजकूर कधीही गाळू नये.

त्या साली राज्य कोणाचे होते

इथेच खरी मेख आहे, आणि अर्थ सांगणारी संकेतस्थळे नेमकी याच ठिकाणी गप्प बसतात. इटलीचे राज्य १८६१ साली घोषित झाले. योगायोगाने त्याच साली इंग्रजांनी मध्य प्रांत स्थापन करून नागपूर ही त्याची राजधानी केली. त्याआधी इटलीत अनेक सत्ता होत्या आणि प्रत्येकीची नोंदीची रीत वेगळी होती. भोसल्यांच्या काळातील कागद मोडीत, नंतरचे इंग्रजीत, हा फरक जसा नागपूरच्या अभ्यासकाला गृहीत धरावा लागतो, तसाच तिकडच्या प्रत्येक गावासाठी 'या वर्षी इथे कोणाचे राज्य' हा प्रश्न आधी सोडवावा लागतो.

नेपल्सच्या राज्यात, म्हणजे सिसिली सोडून दक्षिण इटलीत, जन्म, विवाह आणि मृत्यू यांची सरकारी नोंद १८०९ पासून सुरू झाली आणि ती पुढे अखंड राहिली. सिसिलीत ती १८२० पासून. उत्तरेत नेपोलियनच्या काळात, साधारण १८०६ ते १८१५ या वर्षांत, सरकारी वह्या होत्या. त्याचा पाडाव झाल्यावर अनेक भागांत हे काम पुन्हा चर्चच्या पाद्र्यांकडे गेले. एकीकृत इटलीत सर्वत्र समान सरकारी नोंद १८६६ पासून सुरू झाली, परंतु व्हेनेतो आणि रोम हे प्रदेश उशिरा सामील झाल्यामुळे तिथे ती १८७१ पासून आहे. यावरून सरळ दिसते की, नेपल्सकडचे घराणे असेल तर सरकारी वह्यांच्या आधारे अठराव्या शतकापर्यंत पोचणे बरेच सोपे आहे, आणि व्हेनेतोतील घराणे असेल तर १८७१ च्या मागे जाण्यासाठी लवकरच चर्चच्या दारात उभे राहावे लागते.

राज्याप्रमाणे वहीची भाषाही बदलते. संगीतकार ज्युसेप्पे व्हेर्दी यांचा जन्म १० ऑक्टोबर १८१३ रोजी पार्माजवळच्या ले रोंकोले या खेड्यात झाला. त्या वेळी तो मुलूख नेपोलियनच्या फ्रान्समध्ये सामील केलेला होता. चर्चच्या वहीत बाळाची नोंद लॅटिनमध्ये झाली, आणि वडिलांनी बुस्सेतोला जाऊन केलेल्या सरकारी नोंदीत नाव 'जोसेफ फोर्त्युनँ फ्रांस्वा' असे फ्रेंचमध्ये पडले. इटालियन संगीताचे दैवत मानल्या गेलेल्या माणसाच्या सरकारी जन्मनोंदीत इटालियन नावच नाही. म्हणून नोंदीतील नाव परके दिसले म्हणून ती नोंद आपल्या माणसाची नाही, असे समजू नये.

वही उघडल्यावर

इटलीच्या राज्य अभिलेखागारांनी 'आन्तेनाती', म्हणजे पूर्वज, या नावाचे संकेतस्थळ चालवले आहे आणि त्यावर लक्षावधी पानांच्या प्रतिमा विनामूल्य पाहता येतात. काही गावांच्या वह्या नावाने शोधता येतात, परंतु सगळ्या नाही. म्हणून अभिलेखागार, मग कोमुने, मग वर्ष, मग जन्म, विवाह किंवा मृत्यू, या क्रमाने जाऊन पाने उलटण्याची तयारी ठेवावी. वर्षाच्या वहीच्या शेवटी सूची असते आणि पुष्कळ ठिकाणी दहा वर्षांची एकत्र सूचीही असते. आधी ती पाहावी. 'फॅमिलीसर्च' हे दुसरे मोफत संकेतस्थळही उपयोगी आहे; त्यासाठी खाते उघडावे लागते. अलीकडच्या, म्हणजे ७० वर्षांच्या आतील नोंदीची पूर्ण नक्कल त्रयस्थाला मिळत नाही. ती कुटुंबातील माणसानेच कोमुनेच्या कार्यालयाकडून मागवावी.

दक्षिणेकडील १८१६ नंतरच्या जन्मनोंदीचे पान छापील असते आणि त्याचे दोन स्तंभ असतात. डावीकडे सरकारी नोंद: सरपंचवजा अधिकाऱ्यासमोर कोण हजर झाला, त्याचे वय, धंदा आणि पत्ता, बाळाच्या आईचे नाव, वय, आणि दोन साक्षीदार. उजवीकडे त्याच बाळाचा बाप्तिस्मा कोणत्या चर्चमध्ये, कोणत्या दिवशी झाला, याची पाद्र्याकडून आलेली माहिती. वर्ष अंकात नसून अक्षरी असते. महिन्यांची एक लकब आधीच समजून घ्यावी. सातचा आकडा आणि पुढे 'ब्रे' असे लिहिले असेल तर तो जुलै नसून सप्टेंबर होय, कारण 'सेत्तेंब्रे'तील 'सेत्ते' म्हणजे सात. त्याच न्यायाने आठचा आकडा म्हणजे ऑक्टोबर, नऊचा म्हणजे नोव्हेंबर, आणि रोमन दहा म्हणजे डिसेंबर. ही गोष्ट न कळल्यामुळे वंशावळीत मुलाचा जन्म आई-वडिलांच्या लग्नाआधी पडतो आणि घरात नसता घोळ होतो.

नावापुढचे दोन लहानसे शब्द डोळ्यांत तेल घालून पाहावेत. 'ज्युसेप्पे रुस्सो दि आन्तोनियो' असे असेल तर वडील आन्तोनियो हयात आहेत. 'फू आन्तोनियो' असेल तर ते कैलासवासी झाले आहेत. आपण 'कै.' लावतो त्याच जागी हा 'फू' आहे. लॅटिन नोंदीत हेच काम 'क्वोंदाम' हा शब्द करतो. एका नोंदीत 'दि' आणि चार वर्षांनंतरच्या दुसऱ्या नोंदीत 'फू' सापडला की वडिलांचा मृत्यू त्या चार वर्षांत झाला, हे कळते आणि मृत्यूची वही नेमकी कुठे उघडायची ते ठरते. एकाच गावात एकाच नावाचे तीन ज्युसेप्पे रुस्सो असणे अगदी सामान्य आहे, कारण पहिल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचे नाव ठेवण्याची रूढी घट्ट होती. अशा वेळी वडिलांचे नाव आणि हा 'फू' यांखेरीज माणूस वेगळा काढता येत नाही. सरकारी कागदांवर वडिलांचे नाव लिहिण्याची ही पद्धत १९५५ च्या कायद्याने बंद केली. मधल्या नावाची सवय असलेल्या मराठी माणसाला त्यानंतरचे इटालियन दाखले म्हणूनच अपुरे वाटतात.

दक्षिणेकडील वह्यांचे सर्वांत मोठे घबाड म्हणजे विवाहाच्या नोंदीला जोडलेल्या कागदांचा गठ्ठा. त्यात वधू आणि वर या दोघांच्या जन्माचे उतारे असतात. वडील हयात नसतील तर त्यांच्या मृत्यूचा उतारा असतो. आणि वडील नसल्यास संमती देण्याचा अधिकार आजोबांचा असल्यामुळे, आजोबाही गेलेले असतील तर त्यांच्या मृत्यूचा उताराही जोडावा लागे. १८२० च्या सुमाराच्या एका लग्नाच्या गठ्ठ्यातून अठराव्या शतकाच्या मध्यावर जन्मलेल्या आजोबांपर्यंत एका बैठकीत पोचता येते. सरकारी नोंद १८०९ पासून सुरू होत असली तरी तिचा हात त्याच्या बराच मागे जातो, तो असा. माझ्या मते, ज्याला एकच वही पाहण्यास वेळ आहे त्याने जन्माची वही बाजूला ठेवून हा गठ्ठा उघडावा.

वयावर मात्र भरवसा ठेवू नये. तीस, चाळीस, पन्नास अशी गोल वये सांगितली जात, आणि सांगणाऱ्याला स्वतःचे वय नेमके ठाऊक असेच असे नाही.

माहेरचे आडनाव

आपल्याकडे लग्नानंतर बाईचे आडनाव, मधले नाव आणि काही घरांत पहिले नावही बदलत असल्यामुळे पणजीचे माहेर शोधताना हात टेकावे लागतात. इटालियन नोंदींत ही अडचण जवळपास नाही. बाई जन्माला आली त्या आडनावानेच तिचे लग्न, तिच्या मुलांचे जन्म आणि तिचा मृत्यू नोंदवला जातो. १९७५ च्या कौटुंबिक कायद्यातील सुधारणेनंतरही ती स्वतःचे आडनाव राखून नवऱ्याचे त्याला जोडते, एवढेच. त्यामुळे आईकडची वंशरेषा वडिलांकडच्या रेषेइतकीच सहज मागे नेता येते, आणि बहुतेक शोधक ती अकारण सोडून देतात. मुलाला आपोआप वडिलांचेच आडनाव देण्याचा नियम इटलीच्या घटना न्यायालयाने २०२२ साली रद्द केला. आता आई-वडील दोघांची आडनावे, त्यांनी ठरवलेल्या क्रमाने, मिळतात. व्याह्यांच्या नातवंडाच्या दाखल्यावर दोन आडनावे दिसली तर ती कारकुनी चूक समजू नये.

चर्चच्या वह्या आणि त्याहून जुने

ट्रेंट येथील धर्मपरिषदेने १५६३ साली प्रत्येक पॅरिशला, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतील वस्तीला, बाप्तिस्मा आणि विवाह यांच्या वह्या ठेवणे बंधनकारक केले, आणि १६१४ च्या रोमन विधिग्रंथाने मृत्यूची वही व घरोघरची यादी यांची भर घातली. या घरयादीला 'स्तातो देल्ले आनिमे' म्हणतात. ईस्टरच्या आधी पाद्री घरोघर फिरून कोण कोण राहते ते लिहून घेई, आणि त्यामुळे एका छपराखाली राहणारे सबंध कुटुंब, सून, नातवंडे आणि नोकरचाकरांसह, एका ओळीत सापडते. काही शहरांत याही आधीच्या नोंदी आहेत. फ्लॉरेन्समध्ये बाप्तिस्म्याची नोंद १४५० पासून सलग मिळते.

या वह्या बहुधा अजूनही पॅरिशमध्ये किंवा धर्मप्रांताच्या अभिलेखागारात असतात. पत्र इटालियनमध्ये, थोडक्यात आणि एका वेळी एकच नोंद मागणारे असावे. नाव, साधारण वर्ष आणि आई-वडिलांची नावे द्यावीत, आणि चर्चला देणगी पाठवण्याची तयारी कळवावी. पाद्री हा नोंदींचा कारकून नव्हे, त्याच्याकडे चार-पाच गावांची कामे असतात. उत्तराला महिने लागू शकतात. दहा पिढ्या एकदम मागणाऱ्या पत्राला उत्तर येत नाही. नागपुरात लॅटिन वाचणारा माणूस हवा असेल तर धर्मशिक्षण घेतलेल्या एखाद्या ज्येष्ठ फादरना विनंती करून पाहावी. नोंदीतील लॅटिन ठरावीक साच्याचे असते आणि पंधरा-वीस शब्द ओळखीचे झाले की पुढे स्वतःलाच वाचता येते.

सोळाव्या शतकाच्या मागे गेले की आडनावच विरघळू लागते. फ्लॉरेन्सच्या राज्याने १४२७ साली करआकारणीसाठी घरोघरची पाहणी केली, तिला 'कातास्तो' म्हणतात. तीत सुमारे ६०,००० कुटुंबे नोंदली गेली. त्यांपैकी पुष्कळ कुटुंबप्रमुखांना आडनाव नाही. अमुकचा मुलगा तमुक, त्याचा मुलगा अमुक, एवढेच आहे. आडनाव प्रथम बड्या घरांत स्थिरावले, शेतकऱ्यांकडे ते फार उशिरा आले. गॅलिलिओ गॅलिली यांचेच घराणे पाहा: ते मूळचे बोनायुती. त्यांच्यात पंधराव्या शतकात गॅलिलिओ बोनायुती नावाचा नामांकित वैद्य होऊन गेला आणि पुढच्या पिढ्यांनी त्याच्या नावावरून गॅलिली हे आडनाव घेतले. चित्रकार बोत्तिचेल्ली यांचे घराणे फिलिपेपी. 'छोटे पिंप' या अर्थाचे बोत्तिचेल्लो हे टोपणनाव थोरल्या भावाचे होते, ते धाकट्यालाही चिकटले. अशा काळात आडनावाचा पाठलाग करण्यापेक्षा मालमत्तेचा करावा. जमीन, हुंडा आणि मृत्युपत्रे यांचे दस्त नोटरींच्या दप्तरांत आहेत, आणि ती दप्तरे प्रांताच्या राज्य अभिलेखागारात आहेत. नेपल्सच्या राज्यात अठराव्या शतकाच्या मध्यावर झालेली 'कातास्तो ओंच्यारियो' ही करपाहणीही याच कामाची. या टप्प्याला मात्र नागपुरातून काम भागत नाही. तिथे जावे लागते, नाहीतर तिथला जाणकार नेमावा लागतो.

आता अर्थ

एवढे झाल्यावर अर्थाकडे वळावे, कारण आता गाव आणि काळ हाती आहेत आणि कोशातील तीन-चार पर्यायांतून योग्य तो निवडता येतो. लोहारकामावरून पडलेले आडनाव एमिलिया-लोंबार्दियात फेर्रारी, पिएमोन्तेत फेर्रेरो, दक्षिणेत फेर्रारो आणि रोमान्यात फाब्री असे आढळते. तांबड्या केसांच्या किंवा वर्णाच्या पूर्वजावरून उत्तरेत आणि मध्य इटलीत रोस्सी, दक्षिणेत रुस्सो. शेवटचा 'ई' बहुधा अनेकवचनाचा, म्हणजे 'रोस्सो मंडळी' अशा अर्थाचा असतो. गावावरून पडलेल्या आडनावांचे तर्कशास्त्र आपल्या 'कर'सारखेच आहे: उमरेडमध्ये राहणाऱ्याला कोणी उमरेडकर म्हणत नाही, उमरेड सोडल्यावर म्हणतात. लोम्बार्दी हे आडनाव म्हणूनच पूर्वज लोंबार्दियाबाहेर गेल्याचे सुचवते. शहराचे नाव आडनाव असले की घराणे ज्यूच असणार, ही समजूत चुकीची आहे. अशी आडनावे ज्यूंत आहेत आणि ख्रिस्ती घरांतही भरपूर आहेत.

सर्वांत जपून हाताळण्याची आडनावे म्हणजे टाकून दिलेल्या मुलांची. नेपल्सच्या आन्नुन्त्सियाता या धर्मसंस्थेच्या भिंतीत फिरती लाकडी पेटी बसवलेली होती. बाहेरून बाळ ठेवायचे, पेटी फिरवायची, आतून ते घेतले जायचे. ती १८७५ साली बंद झाली. तिथल्या मुलांना एस्पोसितो, म्हणजे 'उघड्यावर ठेवलेला', हे आडनाव मिळे. मिलानच्या रुग्णालयाच्या चिन्हात कबूतर होते म्हणून तिथल्या मुलांना १८२५ पर्यंत कोलोंबो हे आडनाव दिले जाई, फ्लॉरेन्समध्ये वास्तुकार ब्रुनेल्लेस्की यांनी उभारलेल्या अनाथगृहावरून इन्नोचेन्ती, रोमकडे प्रोइएत्ती. मुलासोबत कधी अर्धे तोडलेले पदक ठेवलेले असे, उरलेला अर्धा भाग घेऊन आई परत आलीच तर ओळख पटावी म्हणून, आणि त्याचे वर्णन संस्थेच्या वहीत लिहिलेले असे. अशा घराण्याची आडनावाची रेषा त्या वहीतच सुरू होते. मात्र प्रत्येक एस्पोसितो किंवा प्रत्येक कोलोंबो याच वाटेने आलेला नाही. कोलोंबो हे कबूतरावरून पडलेले साधे टोपणनावही असू शकते. नोंद हाती नसताना व्याह्यांसमोर हा विषय काढणे शहाणपणाचे नाही.

आडनावाचे 'राजचिन्ह' चौकटीत बसवून विकणाऱ्यांच्या नादी लागू नये. ढाल-मुकुटाचे चिन्ह विशिष्ट घराण्याचे असते, आडनावाचे नसते, आणि त्याच आडनावाच्या हजारो शेतकरी घरांचा त्याच्याशी बादरायण संबंधही नसतो. १९४८ च्या राज्यघटनेनंतर इटालियन प्रजासत्ताक सरदारी किताबांना मान्यता देत नाही.

वंशावळ मराठीत उतरवताना प्रत्येक नावासमोर मूळ रोमन लेखन आणि देवनागरी उच्चार दोन्ही द्यावेत, बायकांची नावे त्यांच्या जन्माच्या आडनावाने लिहावीत, आणि प्रत्येक नोंदीखाली कोमुने, वर्ष, वहीचा प्रकार व नोंदीचा क्रमांक टिपून ठेवावा. जिथे कागद नसून केवळ घरातील सांगी आहे तिथे पेन्सिलीने लिहावे, आणि ती सांगी कोणाची, हेही बाजूला लिहावे.